यंदाची पानं

सासरेबुवा शिडीच्या मध्यावर येऊन थांबले. वर छपराच्या कडेची पन्हळ होती, खाली बायको होती, आणि दोघी सारख्याच लांब वाटत होत्या.

"का थांबलात?" शिडी धरून उभ्या असलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"अंदाज घेतोय."

अंदाज खरं तर सकाळीच आला होता. सगळी नोकरी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात गेल्यामुळे, साठी उलटलेला माणूस शिडीवरून पडला की त्याचं कुठलं हाड कुठे जातं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सुनेनं चहा देताना विचारलंही होतं, "बाबा, पन्हळ साफ करायला कुणाला बोलावू का?" त्यावर "का? मी अजून आहे ना!" असं बोलून ते मोकळे झाले होते. सून कौतुकानं हसली. अगं, जरा आग्रह तर कर, असं ते मनातल्या मनात तिला म्हणत होते. पण सून समंजस होती. तिनं आग्रह केला नाही.

पन्हळ हा घरातला त्यांचा प्रांत. दरवर्षी ते चढत, पालापाचोळा काढत, आणि दरवर्षी सुनेच्या खोलीची भिंत ओली होई. तिच्या कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येई. मग सासरेबुवा भिंतीवर टिचकी मारून, कान लावून निर्णय देत, "गवंड्यानं सिमेंट खाल्लंय." गवंडी कधीच गाव सोडून गेला होता, त्यामुळे त्याच्याकडून खुलासा येण्याची भीती नव्हती.

शिडी थरथरू लागली.

"अगं, हलवू नकोस!"

"मी कुठे हलवतेय? तुमचे पाय बघा."

"माझे पाय भक्कम आहेत. तू नीट बघून धर."

सासूबाई म्हणाल्या, "बघून नाही धरत मी."

"म्हणजे?"

"डोळे मिटून धरते. तुम्ही पडताना दिसायला नकोत म्हणून. दरवर्षीच."

सासरेबुवांनी खाली पाहिलं. त्यासाठी त्यांना आधी स्वतःचे डोळे उघडावे लागले.

एकेक पायरी चाचपत ते उतरले. जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी बायकोचा दंड घट्ट धरला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "मी पण वर गेलो की मिटतो. हात पोचेल तेवढं चाचपून काढतो आणि उतरतो."

"आणि पुढचं? पार टोकापर्यंतचं?"

"तिकडे कधी गेलोच नाही."

सासूबाईंनी वर पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं तिथे कुणीच बघत नव्हतं?"

"हळू बोल."

"आणि तो बिचारा गवंडी!" सासूबाई म्हणाल्या आणि पालथ्या बादलीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. सासरेबुवाही हसले.

हसणं ऐकून सून बाहेर आली. "झालं एवढ्यात?"

"झालं नाही, पण आजपासून ह्यांनी चढायचं नाही," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी शिडीच धरणार नाही."

"बरं बाई, तू म्हणतेस तर," सासरेबुवा म्हणाले. लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा त्यांनी बायकोचं इतक्या चटकन ऐकलं नव्हतं.

"सुटले!" सून मटकन पायरीवर बसली. "तुम्ही वर असता तेव्हा मी आत जीव मुठीत धरून बसते, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला एवढी हौस, म्हटलं कशाला मोडा."

तिघांनीही जरा वेळ आपापल्या चांगुलपणाचा विचार केला. मग सुनेनं पँटचे पाय दुमडले, घमेलं उचललं, आणि कुणी नको म्हणायच्या आत सरसर शिडी चढून गेली.

वर जाऊन तिनं पन्हळीत डोकावलं.

सासरेबुवांना आता नवीच भीती वाटली. हिच्यात हाडं मोडत नव्हती. सुनेनं हाताशी असलेली चार सुकी पानं बाजूला सारली आणि खालचा पन्हळीचा चकचकीत पत्रा पाहिला. डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे, स्वतःच्या खोलीवरच्या कोपऱ्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा."

"बोल."

"यंदा पानं फार गळलेली दिसतात."

सासरेबुवांनी लगेच मान डोलावली. "फारच गळली," ते म्हणाले.

"वारा होता ना," सासूबाई म्हणाल्या.

"हो, वाराच असणार," सून म्हणाली आणि खाली उतरली. "शिडी जरा माझ्या खोलीकडे घेऊ या."

शिडी सरकवता येते, ही गोष्ट सासरेबुवांनी आजवर कुणाला कळू दिली नव्हती. त्यांनी पुढे होऊन स्वतःच ती उचलली आणि कोपऱ्याला लावली. सून पुन्हा चढली. घमेलं भरून खाली येऊ लागलं. पानं वरवर होती, त्यांच्याखाली काळी, भुसभुशीत माती होती, कुंडीत घालावी अशी. सासूबाई घमेलं रिकामं करून परत देत होत्या.

शेवटी वरून ओढाताण केल्याचा आवाज आला, काहीतरी तटकन तुटलं, आणि सुनेनं मुळांसकट उपटलेलं हातभर उंचीचं झाड खाली धरलं. त्याचं खोड अंगठ्याएवढं जाड होतं.

"आई, हे पण घ्या. हेही यंदाचंच."

सासरेबुवांनी ते झाड आपल्या हातात घेतलं, खालपासून शेंड्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"हल्ली फार झपाट्यानं वाढतात," ते म्हणाले.