सातवी खिडकी

सातवी खिडकी पिवळी होती.

मुलीने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पडद्यावर एक बैठं घर, त्याला ओळीने सात खिडक्या. नियम सोपा होता. बोट लावलं की राखाडी खिडकीत हळूहळू पिवळा उजेड चढायचा, आणि खेळ बंद झाला की सगळ्या पुन्हा राखाडी. ती दूध घेऊन परतली तेव्हा, बराच वेळ तसाच पडल्याने, खेळ आपोआप बंद झाला होता. तो तिने आत्ताच नव्याने सुरू केला. अजून बोटही लावलं नव्हतं, आणि घर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख.

“झाला घोळ!” ती स्वतःशीच पुटपुटली.

हा खेळ तिने वडिलांसाठी बनवला होता. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्यापुरतं डावीकडचं जग पुसलं गेलं होतं. डोळे ठणठणीत होते, लक्षच तिकडे जात नव्हतं. ताटाची उजवी बाजू संपवून ते पोट भरलं नाही म्हणून कुरकुरायचे. दाढी एकाच गालाची करायचे, दुसरा गाल आई उरकायची. खिडक्यांचंही तेच. दहा आठवडे झाले, बोट उजवीकडून निघून चौथ्या खिडकीशी थांबायचं. जन्मभर गवंडीकाम केलेले वडील ठासून सांगायचे, “संपलं घर.”

अकरा वाजता थेरपिस्ट बाई येणार होत्या. मागच्या खेपेला त्या स्पष्टच बोलल्या होत्या, “पुढच्या वेळी पाचवीलासुद्धा हात लागला नाही, तर हा व्यायाम थांबवू. उगीच त्यांना दमवण्यात अर्थ नाही.”

आणि नेमका आज हा घोटाळा. आधीच उजळलेल्या खिडक्यांसमोर बसवून मोजणार काय?

तिने खेळाचा कोड उघडला. चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. काल दुपारी, उजेड एकदम न येता हळूहळू चढावा म्हणून तिने चार ओळी बदलल्या होत्या. रंग बदलायला हवा होता तो चालू खेळापुरत्या बनणाऱ्या प्रतीत. तिने घाईत थेट मूळ फाइललाच हात घातला होता. त्यामुळे एकदा लागलेला उजेड खेळ बंद होऊनही पुसला जात नव्हता. पहिल्या महिन्यातल्या शिकाऊने करावी अशी चूक!

तिने ती ओळ दुरुस्त केली. सातही खिडक्या राखाडी करायला बोट उचललं, आणि ते तसंच अधांतरी राहिलं.

चुकीमुळे उजेड टिकला, हे खरं. पण चूक काही स्वतःहून उजेड लावत नव्हती. काल तपासताना तिने फक्त उजवीकडच्या पहिल्या खिडकीला हात लावला होता.

“आई, स्क्रीन पुसलीस का गं?”

“मी कशाला हात लावू तुझ्या त्या डबड्याला?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “तू खेळ सुरू करून दुधाला गेलीस ना, तेव्हा हे बसले होते तिथे. म्हटलं, ती नाहीये तोवर जरा टेका. तर म्हणाले, घरात अंधार आहे, तेवढे दिवे लावतो.”

मुलीने हळूच बोट मागे घेतलं.

वडील काठी टेकत न्हाणीघरातून आले. डावा गाल साबणाने तसाच पांढरा. खुर्चीत बसून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“काय झालं, बाबा?”

“कुणी बांधलंय हे घर?” त्यांचं बोट खिडक्यांवरून सरकत सरकत सातवी ओलांडून पार डाव्या कडेला गेलं. “इकडे एवढी भिंत कोरी सोडलीस. माणसं आत शिरणार कुठून? इथे दार पाहिजे.”