लंगोटाआतलं

"पोरांची कातडी तपासल्याबिगर कुणाला मातीत उतरू देत न्हाई तुमी, आन् सोताचा डाग लपवताय व्हय?" असं म्हणत अनुसयाबाईंनी नवऱ्याला, तालमीच्या तातोबा वस्तादांना, दवाखान्यात ओढतच आणलं होतं. लिंगावरच्या पांढऱ्या चट्ट्याला ते वर्षभर गुपचूप गजकर्णाचं मलम चोळत होते. लोक बाहेरख्याली म्हणतील, ही धास्ती.

कातडीचा तुकडा तपासून आलेला रिपोर्ट वाचत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी आहे. शरीरसंबंधातून येणाऱ्या विषाणूनं नाही, कातडीच्या जुन्या आजारानं झालंय. वेळेत आलात. तेवढाच भाग काढू."

वस्ताद बायकोकडे वळले. "ऐकलंस? बाहेरचं काय न्हाई."

"ते कळायला मला रिपोर्ट कशाला लागतोय?" अनुसयाबाई फणकारल्या.

दुसऱ्या दिवशी तालमीत पोरांची नखं, माना बघून झाल्यावर वस्तादांचा आवाज खणखणला. "आता लंगोटाआतलं ज्याचं त्यानं बघायचं. डाग दिसला तर लपवायचा न्हाई. मी लपवला, आता ऑपरेशन हाय!"

बायकांनी तालमीत जायचं नसतं, म्हणून अनुसयाबाई दुधाची किटली घेऊन दाराबाहेरच उभ्या होत्या. गदा जिंकून आलेल्या नवऱ्याला ओवाळतानाही त्यांची मान एवढी ताठ झाली नव्हती.