गणपूर्ती

ग्रामसभेला शंभराला नऊ कमी होते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पेन्सिलीच्या टोकानं डोकी दुसऱ्यांदा मोजली आणि घड्याळाकडं पाहिलं. "साडेअकरापर्यंत शंभर मतदार झाले न्हाईत तर सभा तहकूब. मग पुढच्या म्हैन्यात."

पुढचा महिना महेश्वरीला परवडणारा नव्हता. वीटभट्टीवरच्या पोरांचा तिचा संध्याकाळचा वर्ग भट्टीशेजारच्या लिंबाखाली भरायचा, आणि सोमवारपासून मालक तिथं विटा रचणार होता. गावचं समाजमंदिर लग्नं सोडली तर वर्षभर कुलपात. ते रोज संध्याकाळी दोन तास मिळावं, एवढाच तिचा ठराव होता. आपल्या छोट्या संस्थेचा पहिला वर्ग तिनं तुळजापुरात एका लॉजच्या जिन्याखाली सात पोरांवर सुरू केला होता. आता तीन गावांत वर्ग होते. कर्नाटकातून कामाला आलेल्यांची पोरं शाळा सुटली की तिथं यायची आणि अर्ज कसा लिहावा, दाखला कुठं मिळतो, चार माणसांत उभं राहून कसं बोलावं, ते शिकायची. हा चौथा वर्ग. तो बंद पडू द्यायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

सरपंच सिद्धाराम अण्णा मात्र निवांत होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. चार टाळकी बसतात आणि काय ते ठरवतात.

"म्याडम, भट्टीवरची मानसं पावसाळ्याआधी निघून जानार," अण्णा म्हणाले. "त्यांच्यापायी गावानं कशाला अडचन करून घ्यायची? आज समाजमंदिर मागतील, उद्या मतदान कार्ड मागतील."

दाराशी भट्टीवरची अकरा पोरं उभी होती. त्यातली सातवीतली जगदेवी पुढं आली. "ताई, आमाला धरून शंभराच्या वर हुतात की."

"तुम्हाला धरत नाहीत गं. गावचे मतदार लागतात."

जगदेवीनं क्षणभर विचार केला. "मग आणू?"

उत्तराची वाट न बघता ती पोरांना कानडीत भराभरा सांगू लागली. हातानं गल्ल्या वाटून दिल्या, आणि अकराच्या अकरा पोरं पांगली. महेश्वरीनं हे शिकवलं नव्हतं. संक्रांतीचे दिवस होते, गल्लोगल्ली हळदीकुंकवाची बोलावणी चालली होती, पोरांनी तीच रीत उचलली. उंबऱ्याशी उभं राहायचं आणि सांगायचं, "सभेला बोलवलंय. तुमच्याबिगर अडलंय."

आता असं म्हटल्यावर घरात कोण बसतं?

पहिली आली शिवणकाम करणारी शिवकांता, गळ्यात टेप तसाच. तिच्या मागं पदराला हात पुसत तिघी जावा. मग न्हावी आला, आणि त्याच्याबरोबर एकाच गालाची दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक. सभेत हशा पिकला. अण्णा हसले नाहीत.

भाऊसाहेब मोजत होते. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. घड्याळात साडेअकराला तीन मिनिटं कमी.

तेवढ्यात जगदेवी दिसली. एरवी एका जागी न ठरणारी ती पोर पाऊल मोजत चालत होती, कारण तिच्या हाताला धरून सत्तरीची इरम्मा येत होती. महेश्वरीचा जीव टांगणीला लागला. म्हातारी चौकटीत थांबली, दम घेतला, आणि आत आली.

"शंभर," भाऊसाहेब हळूच म्हणाले.

ठराव आला. महेश्वरी गावची मतदार नव्हती, म्हणून शिवकांतानं उठून तो मांडला. भाऊसाहेबांनी विचारलं, "अनुमोदक कोन?"

कुणाचाच हात वर येईना. अण्णांचा ट्रॅक्टर गावातल्या निम्म्या शेतांत जायचा. उगीच वाईटपणा कोण घेणार? महेश्वरीनं एकेका चेहऱ्याकडं पाहिलं, आणि एकेक नजर खाली गेली. तिला रडू येईलसं वाटलं. राग त्याहून जास्त आला.

"अनुमोदक म्हंजी गं काय?" इरम्मानं जगदेवीला विचारलं.

"शिवकांताक्का बोलल्या न्हवं, त्येला व्हय म्हननारं दुसरं मानूस, अव्वा."

इरम्मानं हात वर केला. "मग माझं नाव लिव्हा."

अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले, "अव्वा, तुमाला ठावं न्हाय. ही पोरं आपल्या गावची न्हाईत."

"ठावं कुठनं असनार, बाबा? सभा आली की तुमचा शिपाई दारात येतो, वहीवर माझा अंगठा घेतो आन जातो. सभा कुठं भरती, तिथं काय ठरतं, कुनी सांगितलं न्हाय. इतकी वर्सं माझा अंगठाच तेवढा सभेला येत हुता." तिनं जगदेवीच्या खांद्यावर हात टेकला. "मला बोलवायला ही पोर आली. म्हून आज म्या आले."

शेजारच्या जावांपैकी एकीनं हात वर केला. मग उरलेल्या दोघींनी. मग न्हाव्यानं.

भाऊसाहेबांनी ठरावाच्या वहीत इरम्माचं नाव लिहिलं आणि सवयीनं शाईचं पॅड तिच्यापुढं सरकवलं. तिनं ते एका बोटानं परत त्यांच्याकडं ढकललं.

"अंगठा मागनं देते," ती म्हणाली. "आदी काय लिव्हलंय ते वाचून दावा."