पाहुणीला दिलेलं पाणी

प्रमिलाबाईंना सलाईन लावल्याचा निरोप घेऊन किसन थेट लूमच्या कारखान्यात आला, तेव्हा गोपाल तुटलेला धागा जोडत होता. यंत्रांच्या खडखडाटात त्याला आधी नीट ऐकूच आलं नाही. किसनने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पुन्हा सांगितलं.

गोपालच्या मुलीला, दिपालीला बघायला रविवारी पलसाण्याहून पाहुणे आले होते. मुलगा श्रीरंग, त्याचे वडील आणि आई प्रमिलाबाई. सोयरीक किसननेच सुचवलेली. मुलगी पसंत पडली होती, सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. आणि सोमवारी सकाळपासून प्रमिलाबाईंना उलट्या-जुलाब सुरू झाले.

"डॉक्टर म्हणतात, पाण्यातून झालं," किसन खाली बघत म्हणाला.

गोपाल एकेक गोष्ट आठवू लागला. रविवारी सगळ्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला. प्रमिलाबाईंनी मात्र उपास आहे म्हणून कशालाच हात लावला नव्हता. गोपालची बायको अनुसया साबुदाण्याची खिचडी टाकते म्हणाली, तरी नको म्हणाल्या. त्यांनी घेतलं ते फक्त पाणी. पेला हातात धरूनच त्या घर बघत मागच्या दारापर्यंत गेल्या, रिकामा पेला आणून अनुसयाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, पाणी गार आहे हो तुमच्याकडचं. त्या एवढ्याशा कौतुकाने गोपाल दिवसभर सुखावला होता.

शहरात प्लेग आला त्या सालापासून त्यांच्या वस्तीचं, लिंबायतचं नाव काढलं की लोक नाक मुरडायचे. आता गटारी साफ व्हायच्या, नळाला औषध घातलेलं पाणी यायचं. पण नाव खराब झालं ते झालंच. ते पुसायची संधी घरी चालून आली होती, आणि आपल्याच घरातल्या पाण्याने घात केला.

तो कारखान्यातून तडक म्युनिसिपालटीच्या कचेरीत गेला आणि माणूस घेऊन आला. त्या माणसाने नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. बघायला आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या.

"पाणी सारू छे, काका," तो म्हणाला. पाणी चांगलं आहे, त्यात औषध पुरेसं आहे, दोष नळाचा नाही.

गोपालला वाटलं, नळाचा दोष निघाला असता तर बरं झालं असतं. सगळ्या गल्लीवर गेलं असतं. आता ते एकट्या त्याच्या घरावर आलं.

"माठ धुयेल व्हता ना?" त्याने बायांसमोरच अनुसयाला विचारलं.

"रोज धुस," ती म्हणाली.

"मंग त्या बाईले काय व्हयनं?"

बाया एकमेकींकडे बघत पांगल्या. माठ मीच भरला होता, आईला बोलू नका, असं दिपाली रडत म्हणाली, तर त्याने तिलाही गप्प केलं. तुम्ही दोघींनी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं तो म्हणाला. अनुसयाने माठ मागच्या दारी नेला आणि काथ्याने इतका घासला की तिची बोटं सोलून निघाली. मग तो पालथा घालून ठेवला. त्या दिवशी तिने घरात पाणी प्यायलेलं कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिला रिक्षात बसवून दवाखान्यात घेऊन निघाला. काय बोलायचं ते वाटेत तोच सांगत होता. ती बाहेर बघत मान हलवत होती.

प्रमिलाबाई खाटेवर पडून होत्या. चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले. पायथ्याशी श्रीरंग बसला होता. तो उठून उभा राहिला.

गोपालने हात जोडले. चूक आमच्या घरची आहे, तो म्हणाला. माठात काही राहून गेलं असेल. नळाचं पाणी तपासून घेतलं, ते चांगलं निघालं, म्हणजे आमचंच चुकलं. दवाखान्याचा खर्च मी देतो. लग्नाचं तुम्ही म्हणाल तसं, पण मुलीला बोल लावू नका.

असू द्या काका, असं काहीतरी श्रीरंग पुटपुटला. त्यालाही कुठे बघावं कळत नव्हतं.

गोपालने अनुसयाला डोळ्यांनी खुणावलं. ती पुढे झाली आणि वाकून तिने प्रमिलाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "माफ करा."

प्रमिलाबाईंनी पाय ओढून घेतले. त्यांनी श्रीरंगला चहा आणायला जा म्हणून सांगितलं. तो जागचा हलला नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"उठा, विहीणबाई," शेवटी त्या म्हणाल्या. "मला उपास नव्हता. लिंबायतचं पाणी म्हणून तुमचा पेला मी मोरीत ओतला. त्या दिवशी मी प्याले ते फक्त घरून बाटलीत भरून आणलेलं, आमच्या बोअरचं पाणी."