नितळ

फोटोग्राफीचा कोर्स नुकताच सुरू केलेली चिमी सुट्टीला दादाकडे आली होती. फोटोतले चेहरे नितळ करायचा सराव हवा म्हणून तिने वहिनीला खिडकीपाशी बसवून फोटो काढला आणि लॅपटॉपवर घेतला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, कपाळावरच्या आठ्या गेल्या. गालावरचा निळसर डाग मात्र काही केल्या हटेना.

"वहिनी, हे काय झालं गं?"

"वाकताना ओट्याची कड लागली. जात नसेल तर राहू दे."

पण चिमी हट्टाला पेटली. शेजारची नितळ त्वचा उचलून तिने ती डागावर हळूहळू पसरवली, आणि डाग दिसेनासा झाला.

"बघ! आहे की नाही माझ्या हातात जादू?"

वहिनी कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. आतल्या खोलीत दादा खाकरला, तशी ती चिमीच्या कानाशी वाकली.

 

"हे व्हिडिओ कॉलवर पण करता येतं का गं? माझी आई रोज चेहरा दाखव म्हणते. कॅमेरा बिघडलाय असं किती दिवस सांगू?"