घडीचा बाक

सोलापूरजवळच्या माळावर इनामदारांसाठी काळवीट टिपणाऱ्या धुळाप्पाचे हात उतारवयात कापू लागले. नेम हुकायला लागले, तसे इनामदार त्याच्याशी बोलेनासे झाले. चाकरी जायच्या धास्तीनं त्यानं घरातली एकुलती बाज मोडली. तिची लाकडं आणि जुन्या पेटीच्या बिजागऱ्या जोडून खांद्यावर नेता येईल असा घडीचा बाक केला, वर बंदूक टेकवायला वाळूची पिशवी बांधली.

"आता निजायचं कुटं?" बायकोनं, केराबाईनं विचारलं.

"भुईवर. चाकरी तर ऱ्हाईल की!"

सकाळी माळावर त्यानं बाक मांडला आणि लांब ठेवलेलं मडकं पहिल्याच बारात फोडलं. इनामदार भलतेच खूश झाले. गंमत म्हणून त्यांनी जन्मात बंदूक न धरलेल्या आपल्या मोटारड्रायव्हरला बाकामागं बसवलं. त्यानंही मडकं फोडलं.

इनामदारांनी धुळाप्पाची पाठ थोपटली.



"झकास काम केलंस! बाक तेवढा मोटारीत ठेव, अन् उद्यापासून तू आला नाहीस तरी चालेल."