विलायतचा कागद

उन्हाळ्याच्या सुट्टीत मानोऱ्याच्या शाळेतले सगळे मास्तर आपापल्या गावी गेले. इंग्रजी शिकवायला विलायतेहून आलेल्या एडिथबाई तेवढ्या मागे राहिल्या. मे महिन्यात एका दुपारी त्यांना पत्र आलं. आई वारली होती. त्याला महिना उलटून गेला होता, मातीही देऊन झाली होती. त्या महिन्यात इथल्या उन्हाची तक्रार करणारी दोन पत्रं एडिथबाईंनी आईलाच धाडली होती.

स्वयंपाकाला येणाऱ्या तांड्यावरच्या नानीबाईनं विचारलं, "घरचा कागद आला जी? माय बरी हाय ना तुमची?"

"बरी आहे," एडिथबाई म्हणाल्या.

गावच्या विहिरी आटल्या होत्या. कोसभरावरून आणलेली प्यायच्या पाण्याची एकच घागर घरात होती, ती उचलून नानीबाईनं न्हाणीत नेऊन ठेवली.

"डोक्यावरून घ्या, बाई. माय गेल्यावर घ्यावं लागते."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई. माही माय गेली तवा मीबी साऱ्याइले बरी हाय म्हनूनच सांगत होती."